पेन्शनच्या अर्जातून निघालेली कुळं

अमेरिकन क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शन आणि जमीन-बक्षिसाच्या सुमारे ८०,००० फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. काही फायलींत अर्जाला घरच्या बायबलची फाडलेली पानं जोडलेली सापडतात. त्या पानांवर धर्मवचनं नसून लग्नाची तारीख, मुलांचे जन्म, मधेच एखादा मृत्यू अशा हातानं लिहिलेल्या नोंदी असतात. घरातला ग्रंथ फाडायची पाळी विधवांवर आणली ती १८३६च्या कायद्यानं. नवऱ्याची लष्करातली नोकरी संपण्याआधी लग्न झालं असेल तरच पेन्शन, अशी त्याची अट होती आणि लग्नाचा दुसरा कागद बऱ्याचजणींकडे नव्हता.

आज 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन'सारख्या वंशसंस्थेत, म्हणजे क्रांतियुद्धातल्या लोकांच्या वंशजांसाठीच्या संस्थेत, प्रवेश मिळवायला जे पुरावे शोधले जातात, त्यांतला मोठा ठेवा हाच. मिरवायच्या वंशावळीला आधार मिळाला तो गरजूंच्या अर्जांचा.

त्याला कारणही तसंच घडलं. युद्धखात्याचं दप्तर ८ नोव्हेंबर १८०० रोजी आगीत खाक झालं आणि सैनिकांच्या सेवेच्या नोंदीही त्यात गेल्या. १८१८च्या कायद्यानं गरजू सैनिकांना पेन्शन दिली. पण अर्जांचा पूर लोटल्यावर १८२०पासून शपथेवर मालमत्तेची यादी मागितली जाऊ लागली. गाय आहे का, भांडी किती, खुर्च्या किती, सगळं कोर्टापुढे मांडायचं. १८३२मध्ये गरिबीची अट गेली, पण सेवा सिद्ध करणं काही सुटलं नाही. मग म्हातारे सैनिक कोर्टात उभे राहून पलटण कुठली, कप्तान कोण, कुठल्या लढाईत होतो ते आठवून सांगत आणि कारकून लिहून घेत.

१८३७मध्ये सारा ऑसबर्न या वृद्धेनं अशीच जबानी दिली. युद्धकाळातला तिचा नवरा लोहार, सैन्यात होता. त्याच्याबरोबर ही यॉर्कटाउनच्या वेढ्यापर्यंत गेली. खंदकातल्या सैनिकांना ती मांस, पाव, कॉफी नेऊन देत असताना सेनापती जॉर्ज वॉशिंग्टननं तिला हटकलं, तोफगोळ्यांची भीती नाही वाटत का? माणसांनी लढायचंही आणि उपाशीही राहायचं, हे कसं चालेल, असं तिनं सुनावलं. पुढं त्या नवऱ्यानं तिला टाकून दुसरं लग्न केलं, तेही जबानीत आहे. एवढा जिवंत मजकूर मला कुठल्या सुबक छापील कुलवृत्तांतात भेटलेला नाही.

वंशसंस्थेची कल्पना मात्र या पेन्शन-कायद्यांच्याही आधीची. मे १७८३मध्ये हेन्री नॉक्सच्या पुढाकारानं सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ द सिनसिनाटी' काढली. सभासदत्व थोरल्या मुलाकडे वारशानं जायचं. राजाला हाकलून वर्ष-दोन वर्षं होत नाहीत तोच जन्मसिद्ध मान परत आला, म्हणून गदारोळ उठला. बेंजामिन फ्रँकलिननं जानेवारी १७८४मध्ये मुलीला लिहिलेल्या पत्रात हिशेबच मांडला: प्रत्येक पिढीत रक्त निम्मं होतं, म्हणजे नवव्या पिढीच्या वंशजात मूळ शूराचा वाटा उरतो एक पाचशेबारांश! मान द्यायचाच तर चिनी लोकांसारखा आईबापांना द्या, असंही त्यानं सुचवलं. मला तरी हा हिशेब आजवर कुणी खोडल्याचं दिसलेलं नाही. संस्था मात्र टिकली.

शंभर वर्षांनी पुन्हा लाट आली. १८८९मध्ये 'सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' निघाली. तिनं बायकांना दार बंद केलं, तेव्हा मेरी लॉकवूडनं वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून जाब विचारला आणि ऑक्टोबर १८९०मध्ये 'डॉटर्स' उभी राहिली.

'डॉटर्स'च्या सभासदत्वाचा अर्ज स्वतःपासून सुरू होतो. दर पिढीचे जन्म, लग्न, मृत्यू आणि मुख्य म्हणजे हा त्याचाच मुलगा, ही तिचीच मुलगी, हा दुवा. गाडी अडते ती १८५०च्या अलीकडे-पलीकडे. त्याआधीच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यातले आकडे. मुली तर लग्नानंतर आडनावासकट गडप. अशा वेळी बापाच्या मृत्युपत्रात लेकीचं सासरचं नाव आलं असेल तर पूल जुळतो. जात पडताळणीसाठी पणजोबांचा शाळेचा दाखला नाहीतर कोतवाल बुकातली नोंद धुंडाळलेल्यांना ही दमछाक वेगळी सांगायला नको. पूर्वज बंदूकधारीच हवा असं नाही. सैन्याला बैल-धान्य पुरवलेला किंवा निष्ठेची शपथ घेतलेलाही चालतो. मागणी वाढली तसे ठगही आले. गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थानं बनावट मृत्युपत्रं घुसडून श्रीमंतांना वंशावळी विकल्या.

ज्यांचे पूर्वज गुलाम होते, त्यांची वाट मात्र कागदावरच बंद. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या तक्त्यांत नाव मालकाचं. गुलामाचं फक्त वय, लिंग, वर्ण. बहुतेकांची नावं जनगणनेत प्रथम उमटली १८७०मध्ये. त्यात संस्थेचं मनही कोतं: १९३९मध्ये 'डॉटर्स'नी आपल्या सभागृहात कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसनला गाऊ दिलं नाही, म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेचा राजीनामा दिला. १९७७मध्ये डेट्रॉइटच्या कॅरेन फार्मर या कृष्णवर्णीय बाईंना प्रवेश मिळाला, तोही पेन्सिल्व्हेनियातल्या एका गोऱ्या पूर्वजाच्या नावावर, कारण कागद त्याचे सापडत होते. पुढं संस्थेनंच क्रांतियुद्धातल्या कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी लोकांची नावं हुडकून 'फरगॉटन पेट्रियट्स' हा जाडजूड ग्रंथ छापला.