विमान सोडून रुळांवर आलेली माणसं

लोकलमध्ये असाल तर दारातून जरा आत सरका, हेडफोन नीट लावा. आजची गोष्ट विमानांची आहे, रेल्वेची आहे आणि खरं सांगायचं तर नोकरी बदलण्याची आहे.

सुरुवात घरातूनच करतो. माझा मामा हवाई दलात ॲव्हियॉनिक्सचं काम करायचा. म्हणजे विमानातलं रेडिओ, रडार, कॉकपिटमधली यंत्रं, ही सगळी इलेक्ट्रॉनिक्सची बाजू. वीस वर्षांनी पेन्शन घेऊन बाहेर पडला तेव्हा वय फक्त एकोणचाळीस. मग माजी सैनिकांच्या राखीव जागेतून रेल्वेत लागला, सिग्नल मेंटेनर म्हणून. घरात कुणी उघड बोललं नाही, पण कुजबुज होतीच. "एवढी विमानं सांभाळली, आणि आता रुळांवर हातोडी घेऊन फिरणार?" मामा हसून सोडून द्यायचा. पण एकदा मला म्हणाला, "अरे, पहिले सहा महिने मलाही तसंच वाटत होतं."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. टेक स्टॅक बदलायचा म्हटलं तरी मला आठवडाभर झोप येत नाही. म्हणून म्हटलं शोधू या, असा बदल इतिहासात आणखी कुणी केलाय का. सापडला, आणि तोही एकट्यादुकट्याचा नाही. त्या बदलातून एक आख्खी रेल्वे उभी राहिली.

चला, १९४५ च्या जपानमध्ये.

युद्ध संपलंय, जपान हरलाय. अमेरिकी ताबा सरकारनं हुकूम काढलाय की विमान बनवायचं नाही, त्यावर संशोधन करायचं नाही आणि ते शिकवायचंही नाही. ही बंदी १९५२ पर्यंत टिकली. आता विचार करा, तुम्ही विमानाचे इंजिनिअर आहात आणि तुमचं आख्खं क्षेत्रच एका कागदानं बंद झालंय. नोटीस पिरियड नाही, काही नाही.

अशा वेळी रेल्वेच्या तंत्र संशोधन संस्थेनं दार उघडलं. लष्कर आणि नौदलातले अनेक तंत्रज्ञ तिथे आले. त्यातली तीन नावं लक्षात ठेवा: मिकी तादानाओ, मात्सुदाइरा तादाशी आणि कावानाबे हाजिमे.

मिकी नौदलाच्या विमान तंत्र संस्थेत डिझायनर होता. 'गिंगा' हे बॉम्बर विमान त्याच्या हातचं. आणि 'ओका' सुद्धा. ओका म्हणजे काय? रॉकेट लावलेला बॉम्ब, आणि आत बसलेला माणूस. जायचं, परत यायचं नाही. युद्धानंतर हे ओझं मिकीच्या मनातून गेलं नाही. युद्धाच्या कामी येईल असं काही पुन्हा बनवायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि त्या विचारानं तो रेल्वेत आला. विमानाला हवा कशी कापायची हे त्याला माहीत होतं. तीच विद्या त्यानं डब्यांना लावली: हलकी बॉडी, खाली आणलेली उंची, गोलसर नाक. त्याच्या मदतीनं ओदाक्यू कंपनीनं बनवलेली गाडी १९५७ च्या सप्टेंबरमध्ये ताशी १४५ किलोमीटरनं धावली. अरुंद रुळांवरचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

मात्सुदाइराची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती बगची गोष्ट आहे. तो कंपनांचा माणूस. १९४१ च्या एप्रिलमध्ये 'झीरो' हे लढाऊ विमान चाचणीत सूर मारताना तुटलं, वैमानिक गेला. कारण होतं फ्लटर, म्हणजे ठरावीक वेगापुढे पंख आपोआप फडफडायला लागतात आणि ती फडफड स्वतःच स्वतःला वाढवत नेते. मात्सुदाइरानं आधी मॉडेलवर चाचणी केली होती आणि हा वेग सुरक्षित आहे असंच उत्तर आलं होतं. पण मॉडेल खऱ्या विमानासारखं पुरेसं नव्हतं. त्यानं मॉडेल नव्यानं, बारकाईनं बनवलं, पुन्हा चाचणी घेतली आणि चूक सापडली.

हा माणूस रेल्वेत आला तेव्हा गाड्या वेगात डोलायच्या, कधी रुळांवरून उतरायच्या. जुन्या जाणत्यांचं म्हणणं, रूळ वाकडे आहेत म्हणून गाडी डोलते. मात्सुदाइरा म्हणाला, नाही. रूळ अगदी सरळ असले तरी ठरावीक वेगापुढे चाकांची जोडी आपोआप नागमोडी चालायला लागते. बघा, हे फ्लटरच झालं, फक्त जमिनीवरचं! कोण हा विमानवाला, आम्हाला रेल्वे शिकवतोय, असा सूर निघाला. त्यानं वाद घातला नाही. फिरत्या रोलरवर चाकं चालवून डोलणं दाखवलं, आणि ते कसं थोपवायचं तेही शोधलं.

तिसरा कावानाबे. तो लष्करातून आला, सिग्नल आणि संदेश यंत्रणेवर काम करणारा. आणि इथे आपण मामाच्या नोकरीपाशी पोचतो.

१९५७ च्या ३० मे रोजी टोकियोच्या गिंझा भागात रेल्वे संशोधन संस्थेनं जाहीर व्याख्यानं ठेवली. विषय होता, टोकियो ते ओसाका तीन तासांत शक्य आहे का? तेव्हा सगळ्यात वेगवान गाडीला साडेसात तास लागत. मिकी डब्यांवर बोलला, मात्सुदाइरा कंपनांवर, संस्थेतलाच होशिनो योइची रुळांवर, आणि कावानाबे सिग्नलवर.

सिग्नलचा प्रश्न असा होता. ताशी २१० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५८ मीटर. रुळाच्या कडेचा दिवा मोटरमनला दिसेपर्यंत मागे गेलेला असणार. पाऊस, धुकं असेल तर विचारूच नका. आणि लाल दिसला तरी गाडी थांबायला अंतर लागतं ते किलोमीटरच्या हिशोबात. मग उपाय काय? दिवाच मोटरमनसमोर, केबिनमध्ये आणायचा.

पण संदेश गाडीत पोचवायचा कसा? उत्तर रुळातच होतं. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकनानं बंद ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं होतं. कल्पना साधी आहे. रुळाच्या एका तुकड्यात बारीकसा करंट सोडायचा, पलीकडच्या टोकाला रिले. करंट पोचतोय तोवर रिले उचललेला, म्हणजे रूळ मोकळा. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ शॉर्ट करतात, करंट मधूनच परत फिरतो, रिले स्वतःच्या वजनानं खाली पडतो आणि सिग्नल लाल. आता यातली गंमत ऐका. वायर तुटली तरी लाल. बॅटरी संपली तरी लाल. बहुतेक वेळा रूळ तुटला तरी लाल. म्हणजे बिघाड झाला की यंत्रणा आपोआप सुरक्षित बाजूला पडते.

नव्या जपानी यंत्रणेत, म्हणजे एटीसीमध्ये, त्याच रुळांतून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे संदेश सोडले गेले. गाडीखालची कॉइल ते पकडते आणि केबिनमध्ये आकडा दिसतो: २१०, १६०, ११०, ७०, ३०. वेग त्याहून जास्त असेल तर ब्रेक आपोआप लागतो. त्याच रुळांतून गाडीच्या ताकदीची वीजही परत जात असते. तिच्या गोंगाटात संदेश हरवू नये म्हणून फ्रिक्वेन्सी निवडून काढाव्या लागल्या. रेडिओवाल्या माणसाला हे काम ओळखीचं वाटलं नसतं तरच नवल!

१ ऑक्टोबर १९६४ ला शिंकानसेन सुरू झाली. टोकियो ते शिन-ओसाका, ५१५ किलोमीटर, आधी चार तास आणि १९६५ च्या अखेरीस तीन तास दहा मिनिटं. तेव्हापासून साठ वर्षं उलटली, पण गाड्यांची टक्कर होऊन किंवा गाडी घसरून त्यात एकही प्रवासी दगावलेला नाही. २००४ च्या भूकंपात एक गाडी घसरली, तेव्हाही नाही. तेच तंत्र आता मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी घेतलंय. ठाणे, विरार, बोईसरवाले ओळखतीलच.

हे सगळं वाचून मी मामाला फोन केला. विचारलं, "मामा, विमान आणि सिग्नलमध्ये खरा फरक काय रे?"

तो म्हणाला, "विमानात बिघाड झाला तर आकाशात थांबता येत नाही. म्हणून तिथे एकाला दोन, दोनाला तीन यंत्रं ठेवायची आणि उडत राहायचं. इथे उलटं. शंका आली की थांबवायचं. मला हे 'थांबवायचं' शिकायलाच सहा महिने लागले."

मग त्यानं रिले रूमचं सांगितलं. दाराला दोन कुलपं असतात. एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, एक मेंटेनरकडे. एकट्यानं आत जाताच येत नाही. काम करण्याआधी मास्तरला लेखी मेमो द्यायचा, काम झालं की तपासून पुन्हा मेमो. "गाडी उशिरा झाली की लोक शिव्या देतात, ते ऐकून घ्यायचं," म्हणाला. "पण घाईत एखादी वायर भलतीकडे जोडली, तर लाल असायला हवा तिथे हिरवा लागेल. विमानाला निदान माझ्यानंतर वैमानिक तपासायचा. इथे मोटरमन माझ्या दिव्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो."

मी विचारलं, "मग हातोडी घेऊन फिरण्याचं वाईट नाही ना वाटत?"

"मल्टीमीटर घेऊन फिरतो रे," म्हणाला. "तोच, जो तिकडे होता."

मंडळी, मिकी, मात्सुदाइरा आणि कावानाबेनं आपलं शिक्षण फेकून दिलं नाही. पण रेल्वेची रीत त्यांना नव्यानं शिकावी लागली, आणि 'हा बाहेरचा' हे ऐकावंही लागलं. तुमच्यापैकी कुणी असा बदल करायच्या विचारात असेल, तर स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझ्याकडचं काय तिकडे चालेल? आणि कुठली सवय मला मोडावी लागेल? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, असं मामा म्हणतो.

आणि पुढच्या वेळी लोकल दोन स्टेशनांच्या मधेच थांबली, समोर लाल दिवा असला, तर वैतागायच्या आधी आठवा, कुठेतरी एक रिले खाली पडलाय. तो तसाच पडायला हवा म्हणून कुणीतरी काल रात्री तो तपासून गेलाय.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून जा!