मेणकागदावरील ‘शब्द’

१९५४ साली मुंबईत ‘शब्द’ नावाचे एक लहानसे पत्र निघाले. दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि अरुण कोलटकर ही त्यामागची मंडळी. चित्रे त्या वेळी अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते. कोलटकरांनी नुकतीच विशी ओलांडली होती. हे पत्र छापखान्यात गेले नाही. ते सायक्लोस्टाइल करून काढले गेले. पुढे मराठीत ‘अनियतकालिके’ या नावाने जो प्रवाह वाहिला, त्याचा उगम शोधू जाता या कागदांपाशीच येऊन थांबावे लागते.

चित्र्यांना छापील मासिकाचे जग परके होते असे नव्हे. त्यांचे वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी बडोद्याहून ‘अभिरुची’ चालविले होते, आणि दर्जाच्या बाबतीत तडजोड न करणारे मासिक म्हणून त्याचा लौकिक होता. असे असूनही मुलाने मेणकागदाचा मार्ग धरला. छापील मासिक काढावयाचे म्हणजे खिळे जुळविणारा हवा, भांडवल हवे, वर्गणीदार हवेत. आणि वर्गणीदार आले की त्यांच्या रुचीची चिंता आली. त्या काळी नवकवीच्या बाबतीत ही चिंता अनाठायी नव्हती. बा. सी. मर्ढेकर स्वतः आकाशवाणीचे अधिकारी. परंतु त्यांच्या १९४७ मधील ‘काही कविता’ या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले खरे. तथापि कवितेसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, ही गोष्ट नव्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडली होती.

सायक्लोस्टाइल ही वस्तुतः कचेरीतील सोय. परिपत्रके काढावीत, सभेच्या सूचना काढाव्यात, एवढेच तिचे काम. मेण लावलेल्या पातळ कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने अक्षरे कोरावयाची. जेथे मेण खरवडले जाते तेथूनच शाई पाझरते. रूळ फिरविला की प्रत तयार. देवनागरीची शिरोरेषा ओढताना हात जरा जड पडला तर कागद त्या रेषेवरच फाटावयाचा. प्रती वाढत जातात तशी अक्षरे पुसट होतात, बोटे काळी होतात. पण खिळ्यांच्या चौकटीत न मिळणारी एक मोकळीक येथे मिळते : अक्षर आणि चित्र दोन्ही एकाच टोकाने उतरतात. ‘शब्द’च्या मंडळींना हे साधन मानवले यात नवल नाही. कोलटकर हे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, पुढे जाहिरातकलेत नावाजलेले. चित्र्यांच्याही हाती लेखणीबरोबर कुंचला होता. शिवाय दोघेही मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत कविता लिहीत.

साठनंतर हा खटाटोप एकट्यादुकट्याचा राहिला नाही. १९६३ च्या सुमारास अशोक शहाण्यांचे ‘असो’ आले. मराठीबाहेरही असेच घडत होते. ज्यांचे तरुणपणीचे काही दिवस रायपूरनजीकच्या भिलाईत गेले, त्या अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी १९६५ साली अलाहाबादेत मित्रांसह ‘डॅम यू’ हे इंग्रजी चक्रमुद्रित पत्र सुरू केले. त्यांचे एक सहकारी आलोक राय हे प्रेमचंदांचे नातू. कोलटकरांची ‘द बोटराइड’ ही दीर्घ इंग्रजी कविता १९६८ मध्ये याच पत्रात प्रसिद्ध झाली.

इकडे मुंबईत सूर अधिक तिखट होत गेला. राजा ढाले यांची ‘येरू’, ‘आत्ता’ ही पत्रे निघाली. १९६९ साली ढाले व त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथा’ या प्रतिष्ठित मासिकाचा अंक जाहीरपणे जाळला. ‘सत्यकथे’ने नवसाहित्यासाठी केलेले कार्य मोठे होते, हे त्या ज्वाळांच्या प्रकाशात दिसणे कठीण होते; पण ज्यांच्या वस्तीची बोली तेथे पोचत नव्हती, त्यांचा राग खोटा नव्हता. याच वर्तुळात वावरलेल्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. त्याच वर्षी ढाले, ढसाळ आणि ज. वि. पवार प्रभृतींनी दलित पँथरची स्थापना केली.

अशा पत्रांचे आयुष्य अल्प. हलका कागद पिवळा पडतो, टाचण्या गंजतात, आणि ग्रंथालयांना अशा चोपड्यांची नोंद ठेवण्याची सवय नसते. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली, म्हणजे ‘शब्द’ निघाल्यानंतर तेवीस वर्षांनी, बाहेर पडला. प्रकाशक होते ‘प्रास’, अर्थात ‘असो’चे संपादक अशोक शहाणे.