आश्रय, सीमा आणि सहिष्णुता : ब्रिटनमधील एका वादाची ओळख

जीव वाचवण्यासाठी परदेशातून आलेल्या माणसाला आपल्या देशात थारा द्यावा की नाही, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये गेली कित्येक दशके कडाक्याचा वाद चालू आहे. आपले अनेक गोवेकर व मराठी भाषक बांधव त्या देशात स्थायिक झाले असल्याने हा विषय आपल्यालाही परका नाही. या वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, असे आम्हांला दिसते. आश्रय मागण्याचा हक्क हा पहिला, सीमांवर नियंत्रण ठेवण्याचा राष्ट्राचा अधिकार हा दुसरा आणि जहाल विचार कोठवर सहन करावेत हा तिसरा. वाचकांच्या माहितीसाठी या तिन्हींचा स्वतंत्रपणे परामर्श घेत आहोत.

आश्रयार्थी कोण?

नोकरी, शिक्षण वा कुटुंबासाठी दुसऱ्या देशात जाणारा तो स्थलांतरित. छळाच्या भीतीने देश सोडून दुसऱ्या राष्ट्राकडे संरक्षण मागणारा तो आश्रयार्थी. त्याची मागणी तपासून मान्य झाली म्हणजे तो निर्वासित ठरतो. या व्यवस्थेचा पाया २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे संमत झालेला आंतरराष्ट्रीय करार हा आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असलेल्या माणसाला हा करार लागू होतो. जेथे जीविताला वा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे त्याला परत धाडू नये, हे कराराचे मुख्य सूत्र होय. मात्र युद्धगुन्हे किंवा गंभीर गुन्हे केलेल्यांना करारातून वगळलेले आहे. यजमान राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका असणाऱ्यांसही त्याचे पूर्ण संरक्षण नाही. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही.

१९७२ चा धडा

ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. त्यांतील पुष्कळांजवळ ब्रिटिश पारपत्र होते. त्यामुळे कायद्याच्या भाषेत ते आश्रयार्थी नव्हते. तरीही १९६८ च्या कायद्याने अशा पारपत्रधारकांच्या प्रवेशावर ब्रिटनने आधीच निर्बंध घातले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे केलेल्या स्थलांतरविरोधी भाषणाने वातावरण तापले होते. लेस्टर शहराच्या नगरपरिषदेने तर युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्याकडे येऊ नका, घरे व शाळा भरल्या आहेत, असे कळवले. अखेरीस एडवर्ड हीथ यांच्या सरकारने सुमारे २८ हजार लोकांना प्रवेश दिला. त्यांत गोव्याची कॅथोलिक कुटुंबेही होती. २०२१ च्या जनगणनेनुसार त्याच लेस्टरमधील एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी भारतीय वंशाचे आहेत.

सीमेवरील नियंत्रण

ब्रिटनमध्ये २००२ साली आश्रयासाठी सुमारे ८४ हजार अर्ज आले. पुढे कायदे कडक झाले आणि अर्ज बरेच घटले. २०१८ नंतर मात्र छोट्या रबरी होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यांची संख्या वाढू लागली. एकट्या २०२२ साली सुमारे ४६ हजार लोक असे आले, आणि या प्रवासात अनेकांना जलसमाधी मिळाली. यामागे एक अडचण आहे. आश्रयाचा अर्ज ब्रिटनच्या भूमीवर पोहोचूनच करावा लागतो, परंतु तेवढ्यासाठी येण्याचा व्हिसा मिळत नाही. युक्रेनच्या नागरिकांसाठी २०२२ साली खास योजना झाली. अनेक देशांतील लोकांना तशी वाट नाही, आणि त्याचा फायदा दलाल उठवतात.

नियंत्रण मागणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. हॉटेलांत आश्रयार्थींना ठेवण्याचा खर्च मोठा आहे. घरांची टंचाई आहे. मागणी फेटाळली गेलेले कित्येक जण परत जात नाहीत. असे म्हणणारा प्रत्येक जण द्वेष्टा नसतो. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने आश्रयार्थींना रवांडा देशात पाठवण्याची योजना जाहीर केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती रद्द केली.

जहाल विचारांची मर्यादा

७ जुलै २००५ रोजी लंडनमधील बॉम्बहल्ल्यांत ५२ निरपराध माणसे मारली गेली. चार हल्लेखोरांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. त्यानंतर दोन आठवड्यांनी फसलेल्या कटातील काही दोषी मात्र लहानपणी पूर्व आफ्रिकेतून आलेले होते. म्हणजे भीती सर्वस्वी निराधार नाही, पण आश्रयार्थी म्हणजे अतिरेकी हे समीकरणही खरे नाही.

मशिदीतून चिथावणी देणारा अबू हमझा २००६ साली दोषी ठरला आणि २०१२ साली त्याला अमेरिकेच्या स्वाधीन करण्यात आले. अबू कतादा याला जॉर्डनला पाठवण्यास मात्र २०१३ साल उजाडले, कारण छळाने मिळवलेला पुरावा तेथे त्याच्याविरुद्ध वापरला जाणार नाही याची हमी न्यायालयांना हवी होती. या विलंबावर लोक संतापले, तरी कायद्याची कसोटी नावडत्या माणसालाही लागू झाली.

दुसऱ्या बाजूचा जहालपणाही तपासला पाहिजे. स्थलांतरविरोधी ब्रिटिश नॅशनल पार्टीचे नेते निक ग्रिफिन यांना ऑक्टोबर २००९ मध्ये बीबीसीने चर्चेस बोलावले, तेव्हा मोठी निदर्शने झाली. त्या वर्षी युरोपीय संसदेत या पक्षाला दोन जागा मिळाल्या होत्या. २०१४ साली मतदारांनी एकही दिली नाही. विचार मांडू देणे वेगळे आणि हिंसेला चेतवणे वेगळे. जुलै २०२४ मध्ये साऊथपोर्ट येथे तीन बालिकांची हत्या झाली, तेव्हा मारेकरी होडीतून आलेला आश्रयार्थी आहे अशी खोटी अफवा पसरली. वास्तविक तो कार्डिफ येथे जन्मलेला होता. तरीही रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आत माणसे असताना आग लावण्याचा प्रयत्न झाला.

ख्रिस्तसभेची भूमिका

पोप बारावे पायस यांनी १९५२ साली इजिप्तला पळून गेलेल्या पवित्र कुटुंबाला निर्वासितांचा आदर्श म्हटले. कॅथोलिक धर्मशिकवण दोन्ही बाजू सांगते. संपन्न राष्ट्रांनी आपल्या ऐपतीप्रमाणे परक्याचे स्वागत करावे. शासनाला त्यावर कायदेशीर अटी घालता येतात आणि येणाऱ्यानेही यजमान देशाचे कायदे व वारसा यांचा मान राखावा. पोप फ्रान्सिस यांनी स्वागत, संरक्षण, उन्नती आणि समावेश ही चार कर्तव्ये सांगितली. एप्रिल २०१६ मध्ये लेस्बॉस बेटावरून परतताना त्यांनी बारा सीरियन निर्वासितांना रोमला सोबत आणले. ते सर्व मुस्लीम होते.

सीमा असाव्यात, हे ख्रिस्तसभा मान्य करते. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला परत लोटू नये, एवढा तिचा आग्रह आहे. अशी बातमी कानी आल्यास ती पुढे पाठवण्यापूर्वी ती खरी आहे का आणि वरील तीनपैकी कोणत्या प्रश्नाविषयी आहे, हे वाचकांनी पडताळावे, अशी आमची विनंती आहे. १९७२ साली, जागा नाही, हे शब्द आपल्याच बांधवांच्या वाट्याला आले होते, याचेही स्मरण असावे.