परवलीचा शब्द : एक चोरी, एक चूक आणि एक पश्चात्ताप

१/ पासवर्डला मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणतात. हा शब्द मूळचा छावणीतला, पहारेकऱ्याच्या तोंडचा. अंधारातून येणारा आपला की परका, हे ओळखण्याची ती खूण. ही खूण संगणकात कशी आली आणि तिच्या रक्षणाचा भार हळूहळू कोणाच्या माथी आला, हे या धाग्यात पाहू. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ विषयाचे निमित्त घरचे आहे. माझी आई निवृत्त शिक्षिका. तिच्या बँकेचे संकेतस्थळ दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावते. एक मोठे अक्षर हवे, एक आकडा हवा, एक चिन्ह हवे. आईने गावाचे नाव, पुढे चिन्ह आणि पुढे १ असा पासवर्ड केला. मग २, मग ३. कितवा आकडा चालू आहे ते लक्षात राहीना, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवला. "आई, असं कोणी करतं का?" म्हणून मी तिला बरेच सुनावले. पुढे या विषयावरचे जुने लेख वाचनात आले आणि सुनावल्याची लाज वाटू लागली.

३/ आरंभ रोमपासून करू, कारण परवलीच्या शब्दाची व्यवस्था कशी राखावी याचे फार जुने व तपशीलवार वर्णन तिथले आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस रोमन छावणीविषयी लिहितो : सूर्यास्ताला एक सैनिक अधिकाऱ्याच्या तंबूशी जाई व त्या रात्रीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी घेई. ती पाटी तुकडीमागून तुकडी, साक्षीदारांसमक्ष, हातोहात पुढे सरके आणि अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत येई. एखादी पाटी आली नाही, तर ती कुठे अडली हे तिच्यावरील खुणेवरून शोधले जाई आणि दोषीला शिक्षा होई.

४/ इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हा शब्द साऱ्या छावणीचा एकच होता आणि त्याचे आयुष्य एका रात्रीचे होते. तो फुटला तरी सकाळी निरुपयोगी ठरे. शिवाय तो नीट पोहोचला की नाही, याची तपासणी वरचा अधिकारी करी.

५/ आता थेट १९६१. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी. संगणक खोलीएवढा आणि अतिशय महाग. प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र देणे अशक्य. फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तिथे 'सीटीएसएस' ही प्रणाली उभी राहिली. अनेकांनी आपापल्या टंकयंत्रावरून एकाच संगणकाचा वेळ वाटून घ्यायचा, अशी तिची कल्पना. मग एकाच्या फायली दुसऱ्यापासून वेगळ्या कशा ठेवायच्या? प्रत्येकाला स्वतःचा शब्द देऊन. कॉर्बातो यांना तो सरळ, सोपा उपाय वाटला होता.

६/ छावणीतला शब्द इथे उलटा झाला. तिथे एक शब्द सर्वांचा होता, इथे प्रत्येकाचा वेगळा. तिथे तो रोज बदले, इथे बदलण्याचे बंधन नव्हते. आणि हे सगळे शब्द एका फायलीत, जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवलेले.

७/ ॲलन शेर हा तिथला संशोधक विद्यार्थी. त्याला आठवड्याला ४ तास संगणक मिळे. त्याच्या कामाला ते पुरत नसत. फाईल छापून हवी असेल तर छिद्रे पाडलेले एक कार्ड देऊन तशी मागणी करता येई. १९६२ च्या वसंतात, एका शुक्रवारी रात्री उशिरा, शेरने पासवर्डांची फाईलच छापायला टाकली. शनिवारी पहाटे जाऊन छापील कागद घेऊन आला. कोणी अडवले नाही, कोणी विचारले नाही.

८/ संगणकीय पासवर्डाची ही पहिली नोंदलेली चोरी मानली जाते. संशय एकट्यावर येऊ नये म्हणून शेरने ती यादी इतरांनाही वाटली. कॉर्बातोंसमोर त्याने कबुली दिली ती एमआयटी सोडून २५ वर्षे लोटल्यावर. (प्रबंधाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या कोणालाही शेरची निकड कळेल. मला तरी कळते.)

९/ या चोरीत पासवर्ड बळकट होता की दुबळा, याला काडीचेही महत्त्व नव्हते. कोणी कितीही अवघड शब्द निवडला असता, तरी तो त्या कागदावर छापून आलाच असता.

१०/ त्याच प्रणालीत, त्याच दशकात आणखी एक प्रसंग घडला. एक व्यवस्थापक पासवर्डांची फाईल दुरुस्त करत होता, दुसरा त्याच वेळी रोजच्या सूचनेचा मजकूर लिहीत होता. संपादनाच्या तात्पुरत्या फायलीचे नाव दोघांसाठी एकच. त्यामुळे दोन मजकुरांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो जो लॉग-इन करी, त्याच्या टंकयंत्रावर 'आजची सूचना' म्हणून सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले. यातही वापरकर्त्यांचा दोष शून्य.

११/ उपाय निघाला इंग्लंडमध्ये. केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी सुचवले की पासवर्ड साठवायचाच नाही. त्याचे असे रूपांतर साठवायचे, ज्यावरून मूळ शब्द परत मिळणार नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर गिरणी. ज्वारीचे पीठ होते, पिठाची ज्वारी होत नाही. तुम्ही पासवर्ड टंकला की यंत्र तो दळते आणि साठवलेल्या पिठाशी ताडून पाहते. या पिठाला 'हॅश' म्हणतात.

१२/ पण गिरणीत एक खोट राहते. त्याच ज्वारीचे पीठ नेहमी तेच. म्हणजे चोराने सबंध शब्दकोश आधीच दळून ठेवला, तर चोरलेल्या पिठाशी नुसती तुलना करायची. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या निबंधात यावर तोड मांडली : दळण्यापूर्वी प्रत्येक पासवर्डात यादृच्छिक 'सॉल्ट', म्हणजे चिमूटभर मीठ, मिसळायचे. त्यांच्या युनिक्स प्रणालीत मिठाचे ४,०९६ प्रकार होते. चोराला शब्दकोश तितक्या वेळा दळावा लागणार. ही कल्पना आजही कामाची आहे.

१३/ याच निबंधात एक मोजदाद आहे. लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड त्यांनी तपासले. १५ जणांचा पासवर्ड एकाच अक्षराचा होता, ७२ जणांचा दोन, ४६४ जणांचा तीन. शब्दकोशात किंवा नावांच्या याद्यांत सापडणारे धरून २,८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज शोधता येण्याजोगे निघाले. तेव्हा वापरकर्ता निर्दोष, असे मी म्हणणार नाही. तो आळशी असतोच. प्रश्न इतकाच, की त्याला शहाणे करण्याचा मार्ग कोणता निवडला गेला.

१४/ मध्ये एक योगायोग. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक स्वयंप्रसारी आज्ञावली सुटली आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. तिच्या शस्त्रांपैकी एक होते पासवर्ड ओळखणे : खात्याचे नाव उलटसुलट करून पाहायचे, मग सोबत आणलेले ४३२ शब्द, मग यंत्रावरचाच शब्दकोश. तिचा कर्ता कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस. १९७९ च्या निबंधाचे लेखक रॉबर्ट मॉरिस हे त्याचे वडील!

१५/ आता आईच्या बँकेकडे येऊ. मोठे अक्षर, आकडा, चिन्ह आणि नियमित बदल हे नियम जगभर रूढ करण्यात एका दस्तऐवजाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील, म्हणजे 'निस्ट'मधील बिल बर यांनी २००३ च्या सुमारास लिहिलेल्या मार्गदर्शिकेचे ते परिशिष्ट. सरकारी कागद, मग कंपन्यांनी, बँकांनी, विद्यापीठांनी तो शिरोधार्य मानला.

१६/ बर यांना खरेखुरे पासवर्ड अभ्यासून नियम करायचे होते. त्यांनी आपल्याच संस्थेच्या संगणक व्यवस्थापकांकडे मागणी केली, नकार मिळाला. हाताशी पुरेसे पुरावे नव्हते, म्हणून त्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यातील एका टिपणाचा मोठा आधार घेतला. २०१७ साली, निवृत्तीनंतर, 'वॉल स्ट्रीट जर्नल'शी बोलताना त्यांनी आपल्या त्या कामातील बऱ्याच भागाचा पश्चात्ताप होतो, असे सांगितले. साधनाच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतील नकलेवर विसंबणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित अपराध आहे. पण आमच्या तळटिपा कोटी लोकांना रोज पाळाव्या लागत नाहीत.

१७/ पुरावे नंतर आले. २०१० साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी सक्तीने बदलवलेल्या पासवर्डांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुना पासवर्ड ठाऊक असेल, तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येत होता. कारण लोक करत होते तेच, जे आई करत होती. १ चा २, २ चा ३.

१८/ आणि साठवणारे? डिसेंबर २००९ मध्ये 'रॉकयू' कंपनीच्या साठ्यातून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. मॉरिस-थॉम्प्सन यांच्या निबंधाला ३० वर्षे झाली होती आणि कंपनीने पासवर्ड न दळता, सबंध ज्वारी म्हणून कोठारात ठेवले होते. त्यात सर्वाधिक वापरलेला पासवर्ड '१२३४५६' होता, यावर जगभर विनोद झाले. कोठाराला दार नव्हते, यावर मात्र पुष्कळच कमी.

१९/ अशा फुटलेल्या याद्या पुढच्या चोऱ्यांचे भांडवल होतात : एका ठिकाणचा पासवर्ड दुसरीकडे लावून पाहायचा. म्हणून एकच पासवर्ड अनेक खात्यांना ठेवणे, हा वापरकर्त्याच्या हातातला सर्वांत मोठा धोका. जून २०१७ च्या नव्या मार्गदर्शिकेत निस्टने चिन्हांची सक्ती व ठरावीक मुदतीने बदल हे दोन्ही नियम नको म्हटले. लांबी हवी, फुटलेल्या याद्यांशी पडताळणी हवी आणि चोरीचा पुरावा असेल तेव्हा बदल हवा.

२०/ प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड म्हटला की स्मरणशक्ती हात टेकते. त्यासाठी पासवर्ड सांभाळणारी आज्ञावली वापरावी. ब्रूस श्नायर यांनी अशी एक १९९७ मध्येच दिली होती. त्याच श्नायरनी २००५ मध्ये पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात ठेवण्याचाही सल्ला दिला. दूरदेशीच्या चोराला तुमच्या घरातला कागद दिसत नाही. कालनिर्णयाबाबतचे माझे व्याख्यान इथे संपले.

२१/ मोजक्याच पाठ करायच्या पासवर्डांसाठी १९९५ मधील अर्नोल्ड राइनहोल्ड यांची 'डाइसवेअर' पद्धत उत्तम : पाच फासे टाकायचे आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून येईल तो शब्द घ्यायचा. शब्द आपण निवडायचा नाही. मन निवडते तेव्हा ते ओळखीच्या वाटेनेच जाते. मूळ यादी इंग्रजी. आईने दोन दुपारी बसून वहीत २१६ मराठी शब्द लिहिले : उखळ, पारंबी, टाकसाळ, वगैरे. सापशिडीचा फासा तीनदा टाकला की एक शब्द. असे सहा शब्द घेतले तर शक्यता एक कोटी गुणिले एक कोटीहून किंचित अधिक. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांच्या शक्यता २०,८८२ कोटी. तुलना तुम्हीच करा.

२२/ रोमन लिपीत टंकलेले ते सहा शब्द ईमेल खात्याने मुकाट्याने घेतले. तेच खाते महत्त्वाचे, कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. बँकेने मात्र नाकारले : अक्षरे मर्यादेपेक्षा अधिक. तिथे चार शब्दांवर भागवले. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर बँक खाते बंद करते, तेवढा आधार आहे. नियमासाठी एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. कागद आता कपाटात, मुदत ठेवीच्या पावत्यांच्या डब्यात असतो. तीन महिन्यांनी बँकेचा निरोप आला की आई फासा काढते.