पहिले मिनिट : सुईणींच्या हाती श्वास कसा आला

जन्माला येणाऱ्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद बाळे कोणाच्याही मदतीवाचून पहिला श्वास घेतात. उरलेल्या दहांपैकी बहुतेकांचे अंग कोरडे करून पाठ चोळली, की तेवढ्याने ती रडू लागतात. तीन ते सहा बाळांच्या फुप्फुसांत बाहेरून हवा भरावी लागते. छातीवर दाब देणे, औषधे टोचणे असे मोठे उपचार लागणारे बाळ शंभरांत एकही नसते. याचा अर्थ सरळ आहे. न रडणाऱ्या बाळाचा जीव वाचवण्याचे जवळजवळ सर्व काम प्रसूतीच्या वेळी हजर असलेली सुईण किंवा परिचारिका करू शकते. तरीही २००८ च्या सुमारास जगात दरवर्षी अंदाजे आठ लाख बाळे जन्मतःच गुदमरून दगावत होती. हे ज्ञान सुईणींच्या हातापर्यंत पोहोचायला एवढा काळ का लागला आणि ते कोणत्या वाटेने पोहोचले, याचा हा इतिहास आहे. त्या वाटेवर भारतातील काही ठिकाणे ठळकपणे लागतात.

गर्भात असताना बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. पहिल्या काही श्वासांत तो द्रव बाजूला सारून तिथे हवा शिरावी लागते. प्राणवायू कमी पडला, की बाळाचा श्वास थांबतो. हा थांबा सुरुवातीचा असेल, तर पुसण्याने व चोळण्याने बाळ भानावर येते. तो टप्पा ओलांडला गेला, तर कितीही चोळले तरी उपयोग होत नाही; फुप्फुसात हवा भरणे हा एकच उपाय उरतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही अवस्थांतील बाळ सारखेच निपचित दिसते. म्हणून पहिल्या मिनिटात बाळ कोरडे करावे, चोळावे आणि तरीही श्वास सुरू झाला नाही, तर वाट न पाहता हवा द्यावी, असा नियम पुढे ठरला. त्या मिनिटाला ‘सुवर्णमिनिट’ हे नाव मिळाले.

त्याआधी लोक स्वस्थ बसत नव्हते. बाळाला उलटे धरून चापट्या मारणे, थंड पाणी शिंपडणे, त्याच्या कानाशी थाळी वाजवणे, नाळ न कापता वार शेकणे असे उपाय भारताच्या अनेक भागांत होत असत. त्यामागे माया होती आणि धडपडही होती. पण फुप्फुसात हवा जात नव्हती आणि मोलाची मिनिटे मात्र निघून जात होती.

आधुनिक पद्धतीची साधने विसाव्या शतकाच्या मध्यास आली. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये नवजात बाळाची अवस्था गुणांनी मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे प्रसूतीनंतर सर्वांचे लक्ष आईवरून क्षणभर बाळाकडे वळू लागले. १९५६ मध्ये डेन्मार्कचे हेनिंग रूबेन यांची आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आली. आज रुग्णालयांत तिला ‘आंबू बॅग’ म्हणतात. १९८७ मध्ये अमेरिकेत नवजात पुनरुज्जीवनाचा पद्धतशीर अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९९० च्या सुमारास नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमच्या पुढाकाराने तो भारतात आला.

परंतु हा अभ्यासक्रम सुसज्ज रुग्णालयांसाठी होता. पुनरुज्जीवन शुद्ध प्राणवायूनेच करावे, असे तेव्हाची पाठ्यपुस्तके सांगत. ज्या उपकेंद्रात विजेचाच भरवसा नाही, तिथे प्राणवायूचे सिलिंडर कोठून येणार? सिलिंडर नाही म्हणून पिशवी नाही आणि पिशवी नाही म्हणून प्रशिक्षणही नाही, अशी ही साखळी होती.

ती तोडण्यात दिल्लीचा वाटा मोठा आहे. मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला सॉगस्टाड यांनी सहकाऱ्यांसह ८४ गुदमरलेल्या बाळांचा अभ्यास करून तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. काही बाळांना शुद्ध प्राणवायू आणि काहींना खोलीतील साधी हवा देण्यात आली होती. साधी हवा कमी पडली नाही. त्यानंतर सहा देशांतील ११ केंद्रांत ६०९ बाळांवर मोठी चाचणी झाली. तीत भारतीय केंद्रेही होती. १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. साध्या हवेच्या गटात मृत्यू वाढले नव्हते, उलट त्या बाळांचे पहिले रडणे थोडे लवकर ऐकू आले. पुढे आणखी पुरावा जमत गेला आणि २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पूर्ण दिवसांच्या बाळांसाठी साध्या हवेनेच सुरुवात करण्याची शिफारस केली. सिलिंडरची अट गळून पडली.

याच काळात गडचिरोलीत दुसरा प्रश्न हाताळला जात होता. बाळ रुग्णालयात जन्मतच नसेल तर काय करायचे? डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रिया ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार झाल्या. गुदमरलेल्या बाळासाठी आधी तोंडाने श्वास, मग नळी-मास्क आणि शेवटी पिशवी-मास्क अशी साधने क्रमाने वापरून पाहिली गेली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २००५ मधील विश्लेषणात गुदमरण्यामुळे होणारे मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. अल्पशिक्षित स्त्रीला हे काम जमणार नाही, हा समज तिथे खोटा ठरला.

या पार्श्वभूमीवर २०१० मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने जागतिक संस्थांच्या साथीने ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याची रचना साधी होती. हिरवा, पिवळा व लाल अशा तीन पट्ट्यांचा चित्रफलक, दोघींत एक बाहुली, आणि शिकवण्याहून सरावाला अधिक वेळ. ही बाहुली नॉर्वेच्या लेअरडाल कंपनीची. मुळात खेळणी बनवणाऱ्या या कंपनीने १९६० मध्ये कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या सरावासाठी प्रौढाच्या आकाराची प्रसिद्ध बाहुली तयार केली होती. नवजात बाळाच्या बाहुलीत पाणी भरले, की ती खऱ्या बाळाच्या वजनाची होते. छोटे फुगे दाबले, की तिची छाती हलते आणि नाळेत ठोके लागतात. पाणी काढून टाकले, की ती प्रवासी पिशवीत मावते.

अशा पिशव्या घेऊन अनेक देशांतील डॉक्टर, परिचारिका आणि प्रसविका स्वेच्छेने आफ्रिका व आशियातील गावांत गेल्या. त्यांनी स्थानिक प्रशिक्षक घडवावेत आणि त्या प्रशिक्षकांनी पुढच्यांना शिकवावे, अशी ही साखळी होती. काही वर्षांत ती ऐंशीहून अधिक देशांत पोहोचली.

परिणाम काय झाला? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने कर्नाटकातील ग्रामीण केंद्रांत व रुग्णालयांत जवळपास सहाशे प्रसूती-सेवकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या सुमारास दगावलेल्या, म्हणजे ‘ताज्या’ उपजतमृत्यूंचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले होते. जन्मानंतरच्या मृत्यूंत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. या आकड्यांचा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. मृत म्हणून कापडात गुंडाळलेल्या बाळांपैकी काहींचे हृदय मंदपणे धडधडत असले पाहिजे. त्यांना मृत ठरवणारीला निष्काळजी म्हणता येत नाही. पुढे काय करायचे, हेच तिला कोणी शिकवलेले नव्हते.

टांझानियातील आठ रुग्णालयांच्या अभ्यासात जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातील मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. पण त्याच देशातील हायडम या दुर्गम रुग्णालयाने एक कडू सत्यही समोर आणले. तिथे २०१० मध्ये एका दिवसाचे प्रशिक्षण झाले. सात महिन्यांनंतरही परिचारिकांना बाहुलीवर सारे नीट जमत होते, परंतु प्रसूतिगृहातील त्यांच्या कामात फरक पडला नव्हता. पाहुणे आले, प्रमाणपत्रे मिळाली, छायाचित्रे निघाली; बाळांचे नशीब तेच राहिले. मग रुग्णालयाने बाहुली प्रसूतिगृहातच ठेवली आणि तीन-पाच मिनिटांचा छोटा सराव वारंवार सुरू केला. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांतील मृत्यू हजारी सुमारे अकरावरून सातच्या आसपास आले. २०१६ मध्ये कार्यक्रमाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा अशा वारंवार सरावाला तिच्यात महत्त्वाचे स्थान मिळाले.

हात जे रोज करतो, तेच त्याला आणीबाणीत आठवते. गुदमरलेले बाळ लहान केंद्रात महिन्यातून एखादेच येते. तेवढ्यावर हात तयार राहत नाही. म्हणून परदेशी स्वयंसेवकाच्या आठवड्याचे मोल तो परतल्यावर ठरते. मास्क कपाटात कुलूपबंद आहे की प्रसूतीच्या टेबलाशेजारी? तो योग्य मापाचा आणि स्वच्छ आहे का? सराव घेणारी कोणी तिथेच राहिली आहे का?

भारताने २००९ मध्ये स्वतःचा ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू करून दोन दिवसांचे प्रशिक्षण देशभर नेले. २०११ पासून आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळांची देखभाल करू लागल्या. आज प्रसूती बहुतांशी संस्थांत होतात. त्यामुळे ते पहिले मिनिट घराच्या अंधाऱ्या खोलीतून आरोग्य केंद्राच्या टेबलावर आले आहे. तिथे पिशवी-मास्क बहुधा असतो. त्यावर शेवटचा सराव कधी झाला, याची नोंद मात्र प्रत्येक केंद्रात ठेवायला हवी. बाळ जन्मल्यानंतर सूचना वाचण्यास वेळ नसतो. परिचारिकेच्या हाती तेव्हा साठच सेकंद असतात.