बापाचे कर्ज, लेकाचा अंगठा : १८७५ च्या दख्खन दंग्यांमागची गोष्ट

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे हे बाजाराचे गाव. भोवतालच्या खेड्यांतून जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांची पहिली मागणी होती ती वह्यांची आणि कर्जरोख्यांची. हाती लागलेले कागद त्यांनी जाळून टाकले. कागदच का?

२/ कारण त्या कागदांवर एका पिढीचे देणे दुसऱ्या पिढीच्या नावे चढत होते. हिंदू परंपरेत पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले जाई. मात्र त्याच परंपरेत ‘दामदुपट’ही होती : व्याज मुद्दलापेक्षा अधिक वाढू नये.

३/ १८६६ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच राहिली. कागदावर मुलगा मोकळा झाला.

४/ प्रत्यक्षात बियाणे, बैल, सारा या सर्वांसाठी पुन्हा त्याच सावकाराची पायरी चढावी लागे. नवे कर्ज हवे, तर जुने मान्य कर. मुलाने नव्या रोख्यावर अंगठा उमटवला की बापाचे कर्ज कायद्याने त्याचे स्वतःचे होई.

५/ त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर पडली. रोखा तीनच वर्षे ग्राह्य. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी नवा रोखा, आणि थकलेले व्याज मुद्दलात.

६/ उदाहरणादाखल १०० रुपये, दरसाल २५ टक्के व्याज धरू. काहीच फेड झाली नाही, तर तीन वर्षांनी रोखा १७५ चा, सहा वर्षांनी ३०६ चा, बारा वर्षांनी सुमारे ९३८ चा. दंग्यांच्या चौकशीत तर १०० रुपयांवर २,००० हून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण पुढे आले.

७/ मग स्फोट १८७५ मध्येच का? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचा भाव चढला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळला, उधारी आटली. त्याच सुमारास तीस वर्षांचा जुना सारा संपून नवी, बरीच चढी आकारणी आली. तेजीत काढलेले कर्ज मंदीत फेडायचे होते.

८/ सुप्याहून दंगे अहमदनगर जिल्ह्यात पसरले. तीसहून अधिक गावांना झळ पोहोचली. सरकारने आयोग नेमला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला, कर्जापायी शेतकऱ्याची कैद थांबली, दाव्यांची मुदत वाढली.

९/ सावकारांनीही वाट शोधली : गहाणखताऐवजी थेट खरेदीखत. पूर्वी मुलाला कर्ज मिळे आणि जमीनही. आता कर्ज टळले, तरी जमीन जाण्याची भीती उरली.

१०/ म्हणूनच सुप्याची ती होळी केवळ क्रोधाची नव्हती. रोखा आपल्याला वाचता येत नाही, पण तो उद्या आपल्या लेकराच्या नावे वाचला जाणार, हे त्या शेतकऱ्यांना पुरते ठाऊक होते.