रेघ कमी झाली म्हणून

गेल्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारला तासभर अवकाश होता आणि सहा वर्षांची नात टीव्हीसमोर बसली होती. पडद्यावर टॉम आणि जेरी होते, पण २०१४ पासून सुरू झालेल्या नव्या मालिकेतले. कागदातून कापून चिकटवल्यासारखे सपाट. मी म्हणालो, ''हे खरे टॉम-जेरी नव्हेत. बदल चॅनेल.'' ती म्हणाली, ''नाना, तुम्ही बघितलंच कुठे अजून?''

हाच प्रश्न मला एकदा माझ्या अब्बांना विचारायचा होता. ते उर्दू मुशायऱ्यांचे शौकीन. मी मराठीत, तेही मुक्तछंदात लिहू लागलो, तेव्हा ''काफिया कुठाय?'' म्हणत त्यांनी माझी वही मिटली. ती त्यांनी पुन्हा उघडली नाही.

साधं चित्र म्हणजे कामचुकारपणा, असं आपण धरून चालतो. इतिहास मात्र निराळा आहे. 'बॅम्बी'साठी डिस्नेने स्टुडिओत जिवंत हरणं आणून चित्रकारांना त्यांचा अभ्यास करायला लावला होता. १९४१ साली त्याच स्टुडिओत मोठा संप झाला. त्या सुमारास बाहेर पडलेल्या काही चित्रकारांनी पुढे यूपीए हा स्टुडिओ उभा केला. त्यांचं म्हणणं असं, की चित्राने चित्रासारखंच दिसावं. त्यात कमीपणा कसला?

त्यांचा १९५० चा 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' मिळाला तर जरूर पाहा. हा पोरगा शब्द बोलतच नाही, नुसते आवाज काढतो. शाळा त्याला परत पाठवते, बाप वैतागतो. घराला धड भिंती नाहीत. कुठे एक दार, कुठे एक खुर्ची, बाकी सगळा रंग. पोराचं मन जसं बदलेल तसा तो रंग बदलतो. घर सोडून निघालेल्या त्या मुलाचं एकटेपण एवढ्याशा रेघांत असं उतरलंय, की घसा दाटतो. शेवटी एक रेडिओवाला त्याला आवाज काढण्यासाठीच कामाला ठेवतो. (हे रेडिओवरून सांगताना मला विशेष आनंद होतोय!) या चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

पुढे मात्र त्याच साधेपणाला पैशाची काटकसर येऊन चिकटली, हेही कबूल करायला हवं. ११४ लघुपट आणि ७ ऑस्कर देणाऱ्या हॅना आणि बार्बेरा यांचा टॉम-जेरी विभाग एमजीएमने १९५७ साली बंद केला. दोघे टीव्हीकडे वळले. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो? डोकं हलवायचं तर धड पुन्हा काढावं लागू नये म्हणून. जोड कॉलरखाली झाकला जातो.

आणि टॉम-जेरी? १९६१-६२ मध्ये त्यांचे १३ नवे लघुपट निघाले, तेही लोखंडी पडद्यापलीकडच्या प्राग शहरात. दिग्दर्शक जीन डाइच हा अमेरिकन, यूपीएच्याच तालमीतला. दहा दिवसांसाठी प्रागला गेला, तिथेच प्रेमात पडला आणि २०२० मध्ये मरेपर्यंत तिथलाच होऊन राहिला. त्याच्या हाताखालच्या चेक चित्रकारांनी मूळचे टॉम-जेरी फारसे पाहिलेच नव्हते. एका लघुपटाला त्याला मिळत सुमारे १०,००० डॉलर, हॉलिवूडच्या मानाने किरकोळच. शीतयुद्धाचे दिवस, म्हणून चेक कलावंतांची नावं श्रेयनामावलीत इंग्रजी वळणाची करून घातली. अनेक चाहत्यांनी या लघुपटांना नावं ठेवली. मीही टीव्हीवर कधी लागले की उठून जात असे. हालचाली अडखळतात, आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमतात, हे खरंच आहे. पण ती मांजर आणि तो उंदीर एका परक्या गावातले वाटतात, आणि त्या परकेपणात एक निराळीच गंमत आहे. ती दिसायला मला साठी जवळ यावी लागली.

परवा नातीबरोबर त्यातला १९६२ चा 'द टॉम अँड जेरी कार्टून किट' पाहिला. एक निवेदक खेळण्याचा संच उघडावा तसं टॉम-जेरी बनवण्याचं साहित्य दाखवतो: एक दुष्ट मांजर, एक गोड उंदीर, मारामारीची हत्यारं. त्यात एक कलिंगडाची फोडही आहे. आपल्याच पोटापाण्याच्या धंद्याची एवढी थट्टा करायला हिंमत लागते. मी मोठ्याने हसलो. नातीने लगेच विचारलं, ''नाना, आता माझं लावू?''

तिचा सपाट टॉम सुरू झाला. मी तिथेच बसून राहिलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)